टॅरोच्या थोरवीचा दावा आणि साध्या पत्त्यांची बाजू

दिवसाच्या आरंभी एक किंवा तीन पाने काढून त्यांच्या आधाराने त्या दिवसाचा विचार करण्याच्या प्रथेला दैनंदिन वाचन म्हणतात. या वाचनासाठी ७८ पानांचा टॅरो हाच मूळ आणि अधिकृत संच असून खेळण्याच्या ५२ पत्त्यांचा कॅट म्हणजे त्याच टॅरोचे कालांतराने झिजलेले, अर्थ हरवून बसलेले रूप आहे, असे टॅरोच्या वर्गांतून आणि पुस्तकांतून निःशंकपणे सांगितले जाते. त्याला जोडूनच असेही सांगितले जाते की टॅरोच्या पानांचे अर्थ एकदा पाठ झाले की कोणताही संच त्याच अर्थांनी वाचता येतो, कारण चित्रे बदलली तरी आतले तत्त्व एकच राहते. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. पहिले इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, दुसरे पाने समोर मांडून पाहताच कोसळते, आणि या दोन चुकांवर उभी राहिलेली शिकवण रोज पाने काढणाऱ्या माणसाला समोरचे पान नीट पाहण्यापासूनच दूर नेते.

कालक्रम तपासला तर वंशावळ उलटी लागते. युरोपात पत्त्यांचे भक्कम पुरावे १३७७ सालापासून मिळू लागतात. त्या वर्षी फ्लॉरेन्सच्या नगरशासनाने या नव्या खेळावर निर्बंध घातले आणि त्याच वर्षी फ्रायबुर्ग येथे योहानेस नावाच्या डॉमिनिकन साधूने पत्त्यांवर लॅटिन प्रबंध रचला, ज्यात चार राजे आणि प्रत्येक राजासह तेरा पाने अशा ५२ पानांच्या कॅटाचे वर्णन आहे. ही पाने मामलुक सुलतानांच्या राज्यातून भूमध्यसागराच्या वाटेने युरोपात पोचली, आणि इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात जतन झालेला मामलुक संच त्याची साक्ष देतो. त्यात प्याले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळण्याच्या काठ्या असे चार रंग, म्हणजे एकाच चिन्हाच्या पानांचे चार गट आहेत, आणि प्रत्येक रंगात एक राजा व त्याचे दोन नायब आहेत. पोलो ज्यांच्या परिचयाचा नव्हता त्या इटालियन कारागिरांच्या हातून त्या काठ्यांचे पुढे दंड झाले. टॅरोचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख मात्र १४४० सालच्या फ्लॉरेन्समधील एका रोजनिशीत आहे, आणि त्यानंतरचा १४४२ सालच्या फेर्रारा दरबाराच्या हिशेबात. म्हणजे साधे पत्ते युरोपात रुळून साठ वर्षे उलटल्यावर उत्तर इटलीत कोणीतरी त्यांतच प्रत्येक रंगाला चौथे राजपान दिले, २१ चित्रांची एक चढती श्रेणी आणि तिच्याबाहेरचा एक मूर्ख अशी २२ पाने वाढवली, आणि त्यातून टॅरो घडला. आज ‘मेजर आर्काना’ या भारदस्त नावाने ओळखली जाणारी ही पाने मुळात हुकमाची पाने होती. इतर कोणत्याही रंगाचे पान मारून हात जिंकणे हे त्यांचे काम होते, आणि फ्रान्समध्ये ७८ पानांचा हा खेळ आजही मोठ्या आवडीने खेळला जातो.

योहानेसच्या प्रबंधाकडे टॅरोचे अभ्यासक सहसा केवळ एक तारीख म्हणून पाहतात, पण दैनंदिन वाचनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व त्याहून कितीतरी मोठे आहे. त्या साधूने भविष्य सांगितले नाही. त्याने पत्त्यांतील राजे, सरदार आणि संख्यापाने यांच्याकडे बोट दाखवून समाजातील निरनिराळ्या माणसांची कर्तव्ये आणि त्यांचे वर्तन यांचा विचार मांडला. पत्ते समोर ठेवून माणसाच्या आचरणाचा विचार करण्याचे युरोपातील हे फार जुने उदाहरण आहे, ते साध्या पत्त्यांवर आधारलेले आहे, आणि त्या वेळी टॅरो जन्मालाही आलेला नव्हता. साधे पत्ते अर्थशून्य आहेत असे म्हणणाऱ्यांनी या एका पुराव्याचे उत्तर द्यायला हवे.

टॅरोतून पत्ते निघाले या मताच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा पुरावा जोकरचा असतो. टॅरोतील सगळी हुकमाची पाने गळून पडली आणि एकटा मूर्ख तेवढा जोकर होऊन शिल्लक राहिला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. वस्तुस्थिती अशी की जोकर हे पान १८६० च्या दशकात अमेरिकेत ‘युकर’ नावाच्या खेळासाठी सर्वांत वरचढ हुकूम म्हणून नव्याने तयार केले गेले, आणि विदूषकाचे रूप त्याला त्यानंतर मिळाले. टॅरोच्या मूर्खाशी त्याचा वंशसंबंध नाही. फ्रेंच कॅट आजच्या साध्या रूपात का आहे याचे कारणही कोणत्याही लोप पावलेल्या विद्येत शोधण्याची गरज नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच कारागिरांनी दोनच शाईंत साच्याने झटपट छापता येतील अशी इस्पिक, बदाम, किलवर आणि चौकट ही सुटसुटीत चिन्हे रूढ केली, पाने स्वस्त झाली, आणि स्वस्त झाली म्हणून जगभर गेली.

प्राचीन इजिप्तचा दावा त्याहून ठिसूळ आहे. टॅरो म्हणजे इजिप्तच्या पुरोहितांनी चित्रांत दडवून ठेवलेला ज्ञानग्रंथ, ही कल्पना प्रथम छापून आली ती पॅरिसमध्ये १७८१ साली, अंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाच्या प्राचीन जगावरील ग्रंथमालेच्या आठव्या खंडात. त्या वेळी युरोपातील एकाही माणसाला इजिप्तची चित्रलिपी वाचता येत नव्हती. शांपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकाने तिचा उलगडा केला तो १८२२ साली. ज्या लिपीचे एक अक्षर लागत नव्हते तिच्या ग्रंथाचा अर्थ सांगणारे हे विवेचन अनुमानापलीकडे काहीही नव्हते, आणि पुढे लिपी वाचता आल्यावरही इजिप्तच्या लेखांत टॅरोसारखे काही सापडले नाही. तरीही १८५० च्या दशकात एलिफास लेवी या फ्रेंच गूढवाद्याने २२ हुकमाची पाने हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांना जोडून त्या अनुमानावर दुसरा मजला चढवला, आणि आजची बहुतेक लोकप्रिय पुस्तके त्या दुसऱ्या मजल्यावरच राहतात.

या संदर्भात एतेया या नावाने लिहिणाऱ्या पॅरिसच्या ज्याँ-बाप्तिस्त आलियेत याचे उदाहरण निर्णायक आहे. पत्त्यांवरून भाकीत करण्याची रीत सांगणारे त्याचे पुस्तक १७७० साली, म्हणजे जेबलँच्या अकरा वर्षे आधी आले, आणि ते टॅरोवर नव्हते; ते ‘पिके’ या खेळाच्या ३२ पानांच्या कॅटावर होते, ज्यात दुर्री ते छक्की ही पाने नसतात. टॅरोकडे तो नंतर वळला. बोलोन्या शहरात अठराव्या शतकाच्या मध्यातले मानले जाणारे एक हस्तलिखित पानही मिळाले आहे, ज्यात तिथल्या स्थानिक टॅरोच्या ३५ पानांचे अर्थ दिले आहेत. टॅरोच्या समर्थकांना ते प्रामाणिकपणे पुढे करता येईल. पण त्या पानावर इजिप्त नाही, हिब्रू अक्षरे नाहीत. सूर्य म्हणजे दिवस आणि चंद्र म्हणजे रात्र, अशा साध्या सरळ अर्थांचीच ती यादी आहे. छापील परंपरेपुरते बोलायचे तर पत्त्यांच्या वाचनाची पद्धत साध्या कॅटावर आधी मांडली गेली आणि टॅरोने ती उचलली.

भारतीय वाचकांसमोर याच दाव्याची एक देशी आवृत्ती येते: टॅरो भारतातल्या गंजिफा या पत्त्यांच्या खेळातून युरोपात गेला. अभिमानाला गोड वाटणारे हे विधानही पुराव्यावर उभे नाही. भारतातील गंजिफ्याचा जुना आणि भक्कम उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या नोंदीत येतो, म्हणजे टॅरो इटलीत खेळला जाऊ लागल्यावर पंचाऐंशीहून अधिक वर्षांनी. मोगली गंजिफ्यात आठ रंगांची ९६ पाने असतात, तर सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी जिवंत ठेवलेल्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० गोल पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा संख्यापाने, आणि हुकमाच्या चित्रांची स्वतंत्र श्रेणी कुठेच नाही. दिवसा खेळ मांडला तर रामाच्या रंगाने आरंभ करायचा आणि रात्री कृष्णाच्या, हा दशावतारी खेळाचा नियम तर टॅरोशी कुठल्याही अंगाने जुळत नाही. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी केली, ती खेळ आणि चित्रकला म्हणून. तिला टॅरोची जननी ठरवल्याने तिचा मान वाढत नाही, उलट तिची स्वतःची रचना झाकली जाते.

आता दुसऱ्या विधानाकडे, म्हणजे सर्व संचांचे अर्थ एकच असतात या समजाकडे वळले पाहिजे, कारण रोजच्या वाचनात प्रत्यक्ष घोटाळा होतो तो इथे. आज ज्यांना ‘टॅरोचे अर्थ’ म्हटले जाते ते बहुतांशी एका विशिष्ट संचाचे अर्थ आहेत. तो संच डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर प्रकाशनाने बाजारात आणला. आर्थर एडवर्ड वेट याने त्याची कल्पना ठरवली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काही महिन्यांत सगळी चित्रे काढली, ज्यांचा मोबदला तिला इतका तुटपुंजा मिळाला की तिने छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात तसे स्पष्टच म्हटले. तिच्या कामाचे वेगळेपण असे की ५६ साध्या पानांवरही तिने प्रसंगचित्रे काढली, आणि सर्वांत प्रभावी पानांपैकी काही तिने ‘सोला बुस्का’ या १४९१ च्या सुमारास कोरलेल्या इटालियन संचावरून घेतली, ज्याची छायाचित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये १९०७ साली आली होती. तीन तलवारींनी भेदलेले हृदय हे त्यातलेच. फ्रान्समध्ये रूढ झालेल्या मार्सेयच्या परंपरेतील टॅरोत त्याच पानावर दोन वाकड्या तलवारी, मध्ये एक सरळ तलवार आणि फुलापानांची नक्षी एवढेच असते. त्या नक्षीकडे पाहून दुःख, वियोग, मनोभंग असे अर्थ सांगणारा वाचक समोरचे पान वाचत नसतो. स्मिथचे आठवणीतले चित्र वाचत असतो.

क्रमाचीही तीच गोष्ट आहे. मार्सेय परंपरेत आठवे पान न्यायाचे आणि अकरावे शक्तीचे आहे. वेटने या दोघांची अदलाबदल केली, कारण तो ज्या ‘गोल्डन डॉन’ या गूढवादी मंडळाचा सदस्य होता त्या मंडळाला सिंह आणि तूळ या राशींचा क्रम हिब्रू अक्षरांशी जुळवायचा होता. अलिस्टर क्रौली या इंग्रज गूढवाद्याच्या कल्पनेवरून फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवलेल्या ‘थॉथ’ संचात हे आकडे पुन्हा जुन्या जागी गेले. पंधराव्या शतकातल्या इटलीत तर शहरागणिक क्रम वेगळा होता, फेर्रारात न्यायाचे पान जगाच्या पानाला अगदी लागून, जवळजवळ शिखरावर होते, आणि मिलानच्या विस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेल्या हुकमाच्या पानांवर नावेही नव्हती, आकडेही नव्हते. अंकशास्त्र लावून ‘आठ म्हणजे शक्ती’ असे सांगणाऱ्या वाचकाने कोणत्या शहराचा आठ, कोणत्या शतकाचा आठ, हे आधी ठरवावे.

साध्या पत्त्यांना टॅरोचे अर्थ चिकटवण्याच्या सवयीचे खंडन करायला इस्पिकची नव्वी हे एकच पान पुरेसे आहे. इंग्लंडमधील वाचनपरंपरेत ते संपूर्ण कॅटातले सर्वांत अशुभ पान समजले जाते. पण एकोणिसाव्या शतकातील सुप्रसिद्ध भविष्यवादिनी मादाम लेनोर्मां यांच्या नावाने, त्यांच्या १८४३ मधील मृत्यूनंतर विकल्या गेलेल्या ३६ पानांच्या संचात इस्पिकच्या नव्वीवर नांगर आहे, आणि नांगर म्हणजे स्थैर्य, आशा, सुखरूप पोचणे. या संचाचे मूळ न्यूरेंबर्गच्या योहान कास्पार हेख्टेल यांनी १७९९ च्या सुमारास तयार केलेल्या ‘आशेचा खेळ’ या फाशांच्या खेळात आहे. त्यात पाने सहाच्या सहा ओळींत मांडून सोंगट्या पुढे सरकवायच्या असत आणि पस्तिसाव्या पानावरचा नांगर गाठणारा जिंकत असे. म्हणजे एका परंपरेत जे पान सर्वांत वाईट तेच दुसरीत विजयाचे. लेनोर्मां संचात संकटे बव्हंशी किलवरच्या वाट्याला आली आहेत: क्रूस, उंदीर, डोंगर, कोल्हा, साप, ढग ही सगळी किलवरची पाने आहेत, तर इस्पिककडे जहाज, बाग, पत्र आणि पुष्पगुच्छ आले आहेत. टॅरोच्या रंगांना पत्त्यांचे कोणते रंग जुळतात यावरही गूढवाद्यांत एकमत नाही. आज नाणी म्हणजे चौकट आणि दंड म्हणजे किलवर असे सर्रास शिकवले जाते, पण गोल्डन डॉनचे एक संस्थापक मॅथर्स यांनी १८८८ च्या आपल्या पुस्तिकेत दंड चौकटला आणि नाणी किलवरला जोडली होती. ज्या भाषांतराचा कोशच दर पिढीला बदलतो त्याला सनातन तत्त्व म्हणणे सत्याला धरून नाही.

उलट्या पानांच्या बाबतीत तर संचाची घडणच नियम ठरवते. पान डोके खाली येऊन निघाले तर त्याचा अर्थ फिरवायचा, ही रीत एतेयाने आपल्या पुस्तकात दिली होती, आणि त्याच्या काळी ती शक्य होती, कारण राजा-राणीची चित्रे एकाच दिशेने उभी असत. एकोणिसाव्या शतकात दोन्हीकडून सारखी दिसणारी राजपाने रूढ झाली आणि साध्या कॅटातल्या निम्म्याहून अधिक पानांना उलटे-सुलटे राहिलेच नाही. गंजिफ्याच्या गोल पानावर तर वाटोळ्या कडेमुळे अशी रीत बसवणेच अवघड आहे. असा कॅट वाचणाऱ्याला शेजारच्या पानांकडे पाहावे लागते: काळी पाने जास्त आली की लाल, एकच अंक पुन्हा आला का, राजाचे तोंड कोणाकडे आहे. या वाचनाला कमी दर्जाचे समजण्याचे काहीच कारण नाही, कारण ते एका पानाच्या पाठ केलेल्या अर्थावर थांबू देत नाही आणि पानांमधील संबंध पाहायला भाग पाडते.

टॅरोच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद चित्रांचा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. स्मिथची प्रसंगचित्रे नवशिक्याला लगेच बोलते करतात. इस्पिकची पंजी तसे करत नाही. पण आरंभ सोपा करणारी गोष्ट रोजच्या उपयोगालाही उत्तम असते असे नाही. ७८ पानांत २२ हुकमाची असल्यामुळे रोज एकच पान काढणाऱ्यासमोर २८ टक्के वेळा, म्हणजे महिन्यात आठ-नऊ दिवस, मृत्यू, मनोरा, सैतान, जग किंवा न्यायनिवाडा यांसारखे एखादे भव्य पान येते. ज्या दिवशी वीजबिल भरायचे आहे, मुलाची परीक्षा आहे आणि कार्यालयात एक कंटाळवाणी बैठक आहे, त्या दिवसावर मनोऱ्याचा कोसळता कळस लादल्याने विचार स्वच्छ होत नाही, भीती वाढते. घर, पैसा, काम, कटकट आणि चार माणसे एवढ्यातच फिरणारा ५२ पत्त्यांचा कॅट साधारण दिवसाच्या मापाचा आहे, आणि दैनंदिन वाचनासाठी तोच अधिक योग्य आहे.

एखादे पान ‘पाठलाग करते’ हा समजही संचाच्या आकाराशी बांधलेला आहे. रोज ७८ पानांतून एक काढून ते पुन्हा मिसळले, तर अकरा दिवसांत कोणते ना कोणते पान दुसऱ्यांदा आलेले असण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के असते. ५२ पत्त्यांत निम्म्याहून अधिक शक्यतेचा हा टप्पा नवव्या दिवशीच येतो आणि पिकेच्या ३२ पानांत सातव्या दिवशी. पुनरावृत्ती हा संकेत नसून पिसण्याचा अटळ परिणाम आहे, आणि लहान कॅटात ती लवकर दिसते. हे गणित न सांगता शिष्याला ‘हे पान तुम्हाला काही सांगू पाहत आहे’ असे सांगणे आणि त्यावर पुढील सल्ल्याचे शुल्क घेणे ही फसवणूक आहे.

अंधश्रद्धेविरुद्ध ठामपणे उभे राहणाऱ्या महाराष्ट्रातील विवेकवादी वाचकाला हा सारा वाद निरर्थक वाटू शकतो, कारण पाने भविष्य सांगत नाहीत तर कोणता संच ते सांगत नाही याला महत्त्व काय. पाने भविष्य सांगत नाहीत हे खरेच आहे. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे स्वतंत्र म्हणून एकच सर्वसाधारण स्वभाववर्णन दिले आणि त्यांनी त्याच्या अचूकतेला पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पान अचूक लागल्याचा अनुभव याहून वेगळा नाही. परंतु दिवसाच्या आरंभी एखादे यादृच्छिक चिन्ह समोर ठेवून आपल्या कामाचा आणि वागण्याचा विचार करणे यात फसवणूक नाही, जोवर ते पान दूरच्या अधिकाराने बोलते असे कोणी म्हणत नाही. खोटा अधिकार येतो तो इजिप्तच्या, हिब्रूच्या आणि सनातन अर्थांच्या कथांतून, म्हणून त्या कथांचे खंडन हे विवेकाचेच काम आहे. आजार, कर्ज, विवाह किंवा न्यायालयीन खटला यांचा निर्णय कोणत्याही पानावर सोपवू नये, मग ते पान इटलीच्या सरदारासाठी सोन्याच्या वर्खाने रंगवलेले असो की नाक्यावरच्या दुकानातले.

मराठीत टॅरो शिकवणाऱ्यांनी पहिल्याच पाठात १३७७, १४४०, १७८१ आणि १९०९ ही चार साले सांगावीत, जो संच हातात आहे तो कोणी, कुठे आणि कशासाठी घडवला ते सांगावे, आणि शिष्याला महागडा नवा संच घ्यायला लावण्यापूर्वी महिनाभर साध्या पत्त्यांवर रोज वाचन करून त्याची लेखी नोंद ठेवायला सांगावे.